ध्यानाला पळवाट म्हणणाऱ्यांना

बाबासाहेबांनी लढायला शिकवलं, डोळे मिटून बसायला नव्हे. ध्यान हा पोट भरलेल्यांचा छंद आहे. चळवळ थंड करण्याचा तो डाव आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीपासून वैनगंगेपलीकडे गडचिरोलीपर्यंत आणि इकडे मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीपर्यंत कुठल्याही धम्म मेळाव्याला जा, एखादा तरी वक्ता हे बोलतोच आणि टाळ्याही पडतात. बोलणारी माणसं खोटी नाहीत. त्यांतल्या कित्येकांनी समाजासाठी पदरमोड केली आहे, खस्ता खाल्ल्या आहेत. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. त्यांचं म्हणणं सुत्तांना धरून नाही, आणि ज्यांचं नाव घेऊन ते बोलतात त्या बाबासाहेबांना तर मुळीच धरून नाही.

आधी त्यांची बाजू जितकी भक्कम मांडता येईल तितकी मांडतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या सुरुवातीलाच बाबासाहेबांनी चार प्रश्न उभे केले. त्यातला शेवटचा भिक्खूबद्दलचा आहे. बुद्धाने भिक्खू घडवला तो परिपूर्ण माणूस म्हणून की समाजाचा सेवक म्हणून? नुसताच परिपूर्ण माणूस असेल तर तो स्वार्थी आहे, धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही. सेवक असेल तरच त्याच्याकडून आशा आहे, असं बाबासाहेब बजावतात. शिवाय त्या ग्रंथात श्वास कसा पाहावा, वेदना कशी पाहावी हे पायरीपायरीने शिकवणारं प्रकरण नाही. हे सगळं खरं आहे, आणि ते नाकारून उत्तर देण्यात अर्थ नाही.

पण त्याच ग्रंथाची बाकीची पानं उघडा. सिद्धार्थ लहान असताना शेतावर उघड्या अंगाने, रखरखत्या उन्हात राबणारी माणसं पाहतो. एकाने राबावं आणि दुसऱ्याने त्यावर जगावं हे योग्य कसं, असं तो मित्राला विचारतो. हाच सिद्धार्थ, बाबासाहेबांच्याच लेखणीतून, कपिलवस्तूला आश्रम असलेल्या भारद्वाजाकडून चित्त एकाग्र करण्याची विद्या शिकतो. सवड मिळेल तिथे ध्यानाला बसतो, आणि योग्य विषयावरच्या ध्यानातून सर्वांविषयीचं प्रेम वाढतं असं सांगतो. मजुराच्या घामाचा प्रश्न आणि ध्यान ही दोन्ही एकाच मुलाच्या बालपणात बाबासाहेबांनी शेजारी ठेवली आहेत. घर सोडल्यावर तो आळार कालामाकडे समाधीमार्ग शिकतो, मग उद्दक रामपुत्ताकडे जातो. गयेला चार आठवडे सतत ध्यान करून चार टप्प्यांनी त्याला बोधी मिळते. ही सगळी वर्णनं बाबासाहेबांनी गाळली असती तर त्यांना कोण अडवणार होतं? जुनाट वाटल्या त्या कितीतरी कथा त्यांनी निर्भयपणे बाजूला सारल्या. चार भयसूचक दृश्यं पाहून सिद्धार्थ घर सोडतो, ही शेकडो वर्षं चालत आलेली कथासुद्धा त्यांनी मानली नाही. ध्यान मात्र ठेवलं.

सर्वात महत्त्वाची जागा पुढे आहे. सारनाथच्या पहिल्या प्रवचनात अष्टांगिक मार्ग सांगताना बाबासाहेब आठव्या अंगापाशी थांबतात आणि समाधी व सम्यक समाधी यांत फरक करतात. नुसती समाधी म्हणजे चित्ताची एकाग्रता. तिने मनातले अडथळे तेवढ्यापुरते दबतात, मनाला शिकवण अशी काही मिळत नाही. सम्यक समाधी मनाला एकाग्र व्हायला शिकवतेच, शिवाय त्या एकाग्रतेत कुशल कर्माचा विचार करायला लावते, आणि चांगला विचार करण्याची मनाला सवय जडवते. माझ्या शब्दांत मांडलं आहे. मूळ पान ज्याने त्याने काढून पाहावं. हा फरक ज्याला कळला तो ध्यानाला पळवाट म्हणणार नाही. पळवाट ठरू शकते ती फक्त पहिल्या प्रकारची समाधी, आणि तिच्यावर बाबासाहेबांनीच बोट ठेवलं आहे.

हा फरक त्यांनी पदरचा घातला असंही कोणी समजू नये. मज्झिम निकायात गोपकमोग्गल्लान नावाचं सुत्त आहे. बुद्धाच्या परिनिर्वाणानंतरचा काळ आहे, ठिकाण राजगृह. मगधाचा महामात्य वस्सकार आनंदाला भेटतो आणि म्हणतो की भगवान ध्यानाची फार स्तुती करायचे, सगळ्याच ध्यानाची. आनंद त्याला तिथेच अडवतो. सगळ्याच ध्यानाची स्तुती भगवंतांनी केली नाही, असं तो सांगतो. मन कामवासनेने घेरलेलं असताना, द्वेषाने, आळसाने, अस्वस्थतेने किंवा शंकेने घेरलेलं असताना माणूस तेच उगाळत बसतो, आणि त्यालाही ध्यान म्हणता येतं. त्या ध्यानाची स्तुती भगवंतांनी केली नाही. हीच ती पाच नीवरणं, ज्यांना बाबासाहेब सम्यक समाधीच्या वाटेतले अडथळे म्हणतात. आळार कालामाची समाधी सिद्धार्थाला पूर्ण साधली होती, तरी तिने दुःख संपत नाही म्हणून तो तिथून उठून गेला, हेही सुत्तंच सांगतात. म्हणजे पोकळ ध्यानावरची टीका ध्यानसूत्रांच्या आतच आहे. आमचे वक्ते तीच टीका उचलतात आणि सगळ्या ध्यानावर लादतात.

आणखी दोन पुरावे देतो. दीक्षेच्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांतली अकरावी अष्टांगिक मार्गाने चालण्याची आहे. १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, दीक्षाभूमीवर जिल्हाभरातून माणसं लोटली. आज आपण ज्यांची नातवंडं-पतवंडं म्हणून मिरवतो त्या आजा-आजींनी त्या दीक्षेत आठ अंगांचा मार्ग पत्करला. त्यातलं आठवं अंग वगळून सातच पत्करली असं कुणी सांगू शकेल का? आणि त्यानंतर महिन्याभराने, २० नोव्हेंबरला काठमांडूत, बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना बाबासाहेबांनी काय सांगितलं? समता दोघांनाही हवी आहे. फरक मार्गाचा आहे. बुद्धाचा मार्ग माणसाचं मन बदलण्याचा आहे, म्हणजे तो जे करेल ते जबरदस्तीशिवाय, आपणहून करेल. हे ते महापरिनिर्वाणाच्या सोळा दिवस आधी बोलले. ज्या धम्माचा मार्गच मन बदलण्याचा आहे, त्यात मनाच्या शिक्षणाला जागा नाही हे म्हणणं मला तरी समजत नाही.

ध्यान हे बाहेरून आलेलं खूळ आहे, असंही काही जण म्हणतात; ब्रह्मदेशातून इगतपुरीला आलं आणि इगतपुरीहून आपल्याकडे. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि शिबिरं घेऊ लागले, इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ मध्ये सुरू झालं, हे खरं. पण त्याच्या कितीतरी आधी गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी ‘समाधिमार्ग’ हे पुस्तक मराठीत लिहिलं होतं आणि विसुद्धिमग्गाचं संपादन केलं होतं. हे कोसंबी कोण? रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेल्या तंट्यातून सिद्धार्थाने घर सोडलं, ही मांडणी आधी त्यांनी केली. बाबासाहेबांच्या ग्रंथात गृहत्यागाची कथा त्याच वळणाने जाते. कोसंबींचा देह आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला १९४७ साली पडला. आणि त्याहून मागे जायचं असेल तर भद्रावतीला जा. विजासन टेकडीच्या पोटात खोदलेला लांब बोळ थेट आत जातो आणि टोकाला बसलेला बुद्ध आहे. उजेड मागे टाकून खडकात इतक्या आत जागा कुणी कशासाठी खोदली असेल? चंद्रपूर जिल्ह्याला ध्यान बाहेरून आणावं लागलं नाही.

ही सुत्तं नेमकी कशाबद्दल बोलतात, ते आता पाहू. वक्ते त्यांना गूढ ठरवतात, कारण त्यांनी ती वाचलेली नसतात. मज्झिम निकायातलं द्वेधावितक्क सुत्त घ्या. बोधी मिळण्याआधी आपण मनाशी काय केलं, ते बुद्ध यात सांगतो. मनात येणाऱ्या विचारांचे त्याने दोन भाग पाडले. भोगाचा, द्वेषाचा आणि हिंसेचा विचार एका बाजूला. त्यागाचा, अद्वेषाचा आणि अहिंसेचा विचार दुसऱ्या बाजूला. पहिल्या बाजूचा विचार आला की तो स्वतःला विचारायचा, याने माझं बरं होईल का, दुसऱ्याचं होईल का, की दोघांचंही वाईट होईल? उत्तर दिसलं की तो विचार विरून जायचा. माणूस ज्याचा वारंवार विचार करतो तिकडे त्याचं मन वळतं, असं तो भिक्खूंना सांगतो. आणि मग गुराख्याचा दाखला देतो, जो आपल्या धानपट्ट्यात समजावून सांगावा लागत नाही.

पावसाळ्याचा शेवटचा महिना आहे. पीक दाट उभं आहे. गुराखी गुरांना काठीने इकडून तिकडून हाकतो, टोचतो, अडवतो, आवरतो; कारण गुरं पिकात घुसली तर काय होईल हे त्याला ठाऊक आहे, मार, कैद, दंड आणि बोल. आपल्याकडे भादवा-आश्विनात बांध्यांत धान निसवत असताना गायकी काय करतो? तो झाडाखाली बसत नाही. धुऱ्यावरून चाललेल्या गायीचं तोंड नुसतं बांधीकडे वळलं की तो पुढे पळतो, कारण एक घास धान गेलं तरी संध्याकाळी शेतवाला दारात येतो, आणि कोंडवाड्याचा खर्च गायकीच्या गळ्यात पडतो. पुढे सुत्तात उन्हाळ्याचा शेवटचा महिना येतो. सगळं पीक गावात आलेलं आहे. आता गुराखी झाडाच्या बुंध्याशी बसो नाही तर उघड्यावर, त्याला एवढंच भान ठेवायचं की गुरं तिथे आहेत. कापणी आणि चुरणे आटोपून बांध्या मोकळ्या पडल्या की आपला गायकी असाच मोहाच्या सावलीत टेकतो.

आता यात पळवाट कुठे आहे ते दाखवावं. मनात द्वेष येतो तेव्हा काठी घेऊन आडवं यायचं, आणि वाईट विचारांचा मोसम सरला की नुसतं भान ठेवायचं. दोन मोसमांना दोन वेगळी कामं. कुठल्या वेळी कुठलं काम, हे कळण्यासाठी माणसाला आपल्या मनाजवळ बसावं लागतं. अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो माणूस स्वतःच्या मनाबद्दल इतक्या रोखठोकपणे बोलतो, मी अजून चुकत होतो आणि असं असं करून सुधारलो, असं सांगतो. यात देव नाही, मंत्र नाही, गुरूची कृपा नाही. विवेकवादी म्हणवणाऱ्यांना याहून विवेकाचं काय हवं आहे?

ही सगळी शिकवण भिक्खूंसाठी, राबणाऱ्या संसारी माणसाला तिचा काय उपयोग, असंही विचारतात. सुत्तं बहुतेक ठिकाणी भिक्खूंना उद्देशून आहेत, हे खरं. पण कोसलाचा राजा पसेनदी द्रोणभर भात खाऊन धापा टाकत बुद्धाकडे आला, तेव्हा भान ठेवून जेवण्याचा उपदेश बुद्धाने त्यालाच केला. सतिपट्ठान सुत्त कुरू देशातल्या कम्मासदम्म गावात सांगितलं गेलं. त्या सुत्तावरचं भाष्य, म्हणजे अट्ठकथा, म्हणते की त्या देशात दास आणि नोकरमाणसंसुद्धा स्मृतीच्या अभ्यासाबद्दल बोलत. पाणवठ्यावर, सूत कातायच्या जागी फुकाच्या गप्पा होत नसत, बाया एकमेकींना विचारत की तू कुठलं सतिपट्ठान करतेस. अट्ठकथा सुत्तांच्या कितीतरी नंतरची आहे, तिच्यातला प्रत्येक तपशील इतिहास म्हणून मी पुढे करत नाही. पण हे मोलकरणींनाही करता येतं, अशी आठवण परंपरेने जपली, आणि आज आपणच म्हणतो की हे साहेब लोकांचं आहे. थेरगाथेतला सुनीत सुकलेली फुलं झाडून काढणारा, हीन मानलेल्या कुळातला, लोकांपुढे मान खाली घालून चालणारा माणूस होता. बुद्धाने त्याला संघात घेतलं, तो रानात एकटा राहून ध्यान करत राहिला आणि अर्हत झाला. ध्यान पोट भरलेल्यांचं म्हणणाऱ्यांनी सुनीताला काय उत्तर द्यायचं ते ठरवावं.

पोटाचं निघालं म्हणून सांगतो. भूक हा सर्वात मोठा रोग आहे, हे धम्मपदात आहे. त्या गाथेची कथा अट्ठकथेत येते. आळवीच्या गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. तो शोधून दमलेला, उपाशी आला, तर बुद्धाने आधी त्याला जेवू घालायला लावलं आणि मगच प्रवचन सुरू केलं. दीघ निकायातलं कूटदंत सुत्त तर यज्ञ करायला निघालेल्या राजाला सांगतं की शेती करणाऱ्याला बियाणं आणि चारा दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकराला पगार आणि अन्न दे, मग चोऱ्या थांबतील. पोट आणि मन यांत निवड करण्याची सक्ती सुत्तपिटकात कुठेच नाही. ती सक्ती आपल्या भाषणांत आहे.

काही हुशार माणसं वेगळा आक्षेप घेतात. ध्यान म्हणजे गांधींचं हृदयपरिवर्तन दुसऱ्या नावाने, असं ते म्हणतात. सावलीला ही भाषा चांगली परिचयाची आहे. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन सावलीतच भरलं होतं आणि गांधी स्वतः इथे होते. त्याच्या जेमतेम साडेचार महिने आधी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केलं होतं. सवर्णांचं हृदय बदलेपर्यंत थांबायला बाबासाहेबांनी नकार दिला, आणि तो नकार शंभर टक्के बरोबर होता. पण सुत्तं कुणाच्या हृदयाची वाट पाहायला सांगतच नाहीत. द्वेधावितक्क सुत्तातला गुराखी स्वतःची गुरं राखतो. शेजारच्याच्या गुरांना सुबुद्धी व्हावी म्हणून तो बसून राहत नाही.

रागाचा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. खैरलांजी आपल्यापासून लांब नाही. २००६ साली तिथे आपल्या माणसांचं जे हत्याकांड झालं ते आठवलं की अंगाची लाही होते, आणि अशा वेळी मैत्रीभावनेचं नाव काढणारा माणूस शत्रूचा वाटतो. विशेषतः ककचूपम सुत्त पुढे केलं जातं, ज्यात बुद्ध म्हणतो की दरोडेखोरांनी करवतीने अवयव कापले तरी मनात द्वेष आणू नका. अन्याय सोसायला शिकवणारं सुत्त म्हणून ते बदनाम झालं आहे. पण त्याच सुत्तात आधी काय येतं ते कुणी सांगत नाही. श्रावस्तीत वेदेहिका नावाची घरमालकीण होती, शांत आणि सौम्य म्हणून गावभर नाव झालेली. तिची दासी काळी. काळीच्या मनात येतं की माझी मालकीण खरोखर शांत आहे, की माझं काम चोख असल्यामुळे तिला राग दाखवायची वेळच येत नाही? ती मुद्दाम उशिरा उठते. मालकीण कपाळाला आठ्या घालते. दुसऱ्या दिवशी ती आणखी उशिरा उठते, शिव्या खाते. तिसऱ्या दिवशी त्याहून उशिरा, तेव्हा मालकीण दाराचा अडसर घेऊन तिच्या डोक्यात मारते. रक्ताने भिजलेलं डोकं घेऊन काळी घरात लपत नाही, रडत बसत नाही. ती शेजाऱ्यांना हाका मारून दाखवते, पाहा त्या शांत बाईची करणी. आणि वेदेहिकेची अब्रू गावभर जाते.

या कथेत परीक्षा कुणाची होते? सत्ता हातात असलेल्याची. परीक्षा घेतं कोण? दासी. बुद्ध भिक्खूंना सांगतो की गोड बोलणारे लोक समोर असताना शांत राहणाऱ्याला मी शांत मानत नाही. ज्या सुत्तात दासी मालकिणीचा बुरखा फाडते, त्याला शरणागतीचं सुत्त म्हणायचं का? द्वेष न धरणं आणि जाब न विचारणं या दोन गोष्टी बुद्धाने एक केल्या नाहीत. काळीने जाब चारचौघांत मागितला.

आणि द्वेष आवरून लढलेली लढाई आपल्याच इतिहासात आहे. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावरून परतलेल्या लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली. आपली माणसं चवताळली होती, बदला घ्यायला तयार होती. बाबासाहेबांनी त्यांना हात उचलू दिला नाही. ते कोर्टात लढले. तळ्याचा दावा लढत लढत १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. दहा वर्षं. इतकी वर्षं एक दावा नेटाने लढायला कोणतं मन लागतं? त्या दिवशी दगडाला दगडाने उत्तर दिलं असतं तर आपण आज कुठल्या तोंडाने महाडचं नाव घेतलं असतं? बाबासाहेब तेव्हा पद्मासनात बसत होते असा माझा दावा नाही. भडकलेलं चित्त आवरून कामाला लावणं हीच सुत्तांची शिकवण आहे आणि ती चळवळीच्या कामाची आहे, एवढंच माझं म्हणणं आहे.

चळवळीचं म्हणाल तर मनाचं शिक्षण न घेतल्याची किंमत आपण भरपूर मोजली आहे. १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष उभा राहिला आणि काही वर्षांतच फुटला. मग पुन्हा फुटला. आज गटांची नावं सांगायची तर कार्यकर्ताच अडखळतो. त्यात विरोधकांचा हात होता, सत्तेचं आमिष होतं, हे कबूल. पण आमिष गिळलं ते कुणी? आपल्या दोन माणसांनी एका मंचावर बसू नये असा आग्रह कुणाच्या मनातून आला? मत्सर, मान आणि लोभ यांची नावं बुद्धाने चित्ताच्या क्लेशांच्या यादीत घेतली आहेत, आणि मनात उठलेले अकुशल विचार कसे सोडायचे हे वितक्कसंठान सुत्तात पाच उपायांनी सांगितलं आहे. ते शिकायला आपल्याला वेळ नव्हता, कारण ते ‘ध्यान’ होतं.

दारूचं घ्या. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, पायपीट केली, तेव्हा १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. कायदा हवा, याबद्दल दुमत नाही, आणि तो परत मागण्याचा हक्कही आहे. पण कायदा एका सरकारने दिला आणि दुसऱ्याने काढला. दारू सोडण्याची प्रतिज्ञा १९५६ पासून आपल्या तोंडी आहे, पंचशील रोज म्हणतो, आणि तरी संध्याकाळी अड्ड्यावर आपली माणसं दिसतात. दिवसभराच्या मजुरीनंतर शरीराला जी ओढ लागते तिच्याकडे तो माणूस कधी पाहतच नाही. ओढ उठते आणि पाय चालू लागतात. वेदना आणि तृष्णा यांच्यामधली ती जागा पाहायला सतिपट्ठान सुत्त शिकवतं. प्रतिज्ञा म्हणायला लावणाऱ्यांनी ती पाळायची साधनाही द्यायला हवी होती.

रानातल्या भीतीबद्दल एकच उल्लेख करतो. भयभेरव सुत्तात बुद्ध सांगतो की रात्री रानात असताना एखादं जनावर आलं, मोराने काटकी पाडली किंवा वाऱ्याने पाचोळा हलला की भीती दाटून यायची, आणि चालत असेन तर चालतच, बसलो असेन तर बसूनच मी ती जिरवली. सावली-सिंदेवाहीच्या माणसाला हे पुस्तकी वाटणार नाही. वाघाचा बंदोबस्त वन विभागानेच करायचा आहे, तो ध्यानाने होत नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर त्याला हाकलून द्या. पण धानाच्या राखणीला जाणाऱ्या माणसाला भीतीशी कसं वागावं हे सांगणारा एकही पाठ आपल्या विहारात होत नाही, हेही खरंच.

ध्यान शिकवणाऱ्यांनाही काही सुनवायला हवं, कारण त्यांच्यामुळेच विरोधकांना बळ मिळतं. आमची विद्या निव्वळ तंत्र आहे, जातीपातीशी, समाजाशी तिला देणंघेणं नाही, असं म्हणून सुत्तांतला अर्धा भाग गाळणारे शिक्षक आहेत. शहरांतल्या कंपन्या तर स्मृतीचा अभ्यास कर्मचाऱ्याने जास्त तास काम करावं म्हणून वापरतात. त्यांना संयुत्त निकायातलं सेदक सुत्त वाचून दाखवावं. बांबूवर कसरत करणारा गुरू आणि त्याच्या खांद्यावरचा शिष्य मेदकथालिका यांच्या गोष्टीतून बुद्ध तिथे दोन्ही बाजू सांगतो. स्वतःला राखताना दुसऱ्याला राखलं जातं, आणि क्षमेने, अहिंसेने, मैत्रीने, करुणेने दुसऱ्याला राखताना स्वतःला राखलं जातं. यातलं पहिलं अर्ध घेऊन केंद्रं चालतात आणि दुसरं अर्ध घेऊन मोर्चे निघतात. दोघांनीही सुत्त अर्धवटच वाचलेलं असतं.

आता माझं मागणं. आषाढ पौर्णिमेपासून आपल्या विहारांत वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू होतं. रोवणीचा चिखल धुऊन माणसं सतरंजीवर येऊन बसतात, कुणी मुलगी खणखणीत आवाजात बाबासाहेबांचा ग्रंथ वाचते. सम्यक समाधीचं पान येईल त्या संध्याकाळी घाईने पुढे जाऊ नका. ते दोनदा वाचा. त्यावर भन्तेंना किंवा बौद्धाचार्यांना प्रश्न विचारा. पुढच्या आठवड्यात द्वेधावितक्क सुत्त वाचा, त्याच्या पुढच्या आठवड्यात ककचूपम, मग सतिपट्ठान. कोसंबींची मराठी पुस्तकं आहेत, पाली तिपिटक देवनागरीत छापलेलं आहे, साहित्य मिळत नाही ही सबब चालणार नाही. वाचून झाल्यावर वीस मिनिटं गप्प बसा आणि सुत्तात सांगितलं ते करून पाहा. आणि मंचावरून ध्यानाला पळवाट म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनो, एवढं वाचून आणि करून झाल्यावरही तुमचं मत तेच राहिलं तर खुशाल बोला, मी समोर बसून ऐकेन. पण तोवर बाबासाहेबांचं नाव त्यात घेऊ नका.